गुड्डू, तो फोन माझ्याकडे यायला हवा होता

गुड्डू,

तुझ्या तेरवीला तुझे साहेब आले होते. विमानतळावरून सरळ प्रताप नगरला, आपल्या घरी. पांढरा सदरा, मनगटाला दुखापतीचा पट्टा, हातात गुलाबांचा मोठा हार. हार तुझ्या फोटोच्या मानाने फार मोठा होता, तुझी हनुवटी झाकली गेली. मी तो काढला, दुमडला आणि पुन्हा घातला. तू असतास तर म्हणाला असतास, "काहून वं ताई, हाराचंही माप घेऊन राहिली का?"

हो, घेऊन राहिली. कोणीतरी घेतलं पाहिजे. तुम्ही दोघांनी घेतलं असतं तर हा हार लागला नसता.

साहेब तुझ्या फोटोसमोर बसले आणि रडले. खोटं रडले असं मी म्हणणार नाही. रडता रडता म्हणाले, "ताई, तीन वाजेपर्यंत तो माझ्याशी बोलत होता."

मी विचारलं, "तीन म्हणजे नक्की तीन?"

आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भरल्या घरात शिवी दिली. पण साहेब म्हणाले, "घड्याळ पाहिलं होतं मी. तीनला पाच कमी."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं, २.५५. मग परत येऊन त्यांच्यासमोर बसले. तेव्हा त्यांनी खिशातून एक कागद काढून तुझ्या वैशालीच्या पुढे ठेवला. विम्याच्या आणि चौकशीच्या कामासाठी एक साधं पत्र, फक्त सही हवी. मी वाचलं. त्यात एक वाक्य होतं: नावेवरील सर्व सुरक्षा साधनांची निवड, तपासणी आणि जबाबदारी तुझ्याकडे होती.

तुझ्या बायकोने पेन हातात घेतलं होतं. "ताई, करून टाकू का सही?"

ते पेन मी तिच्या हातातून कसं घेतलं ते नंतर सांगते. आधी यादीचं बोलू. आपलं भांडण तिथेच अर्धवट राहिलं आहे.

दिवाळीच्या आधी तुझा फोन आला. साहेबांनी नवी शिडाची नाव घेतली, गोव्याहून लक्षद्वीप आणि तिथून मालदीवला न्यायची, तुम्ही दोघंच जाणार. भर समुद्रात संकट आलं तर कोणाला कसं कळवायचं, त्यासाठी कोणती साधनं घ्यायची, ती यादी तू करायची आणि त्यात तुला माझी मदत हवी होती. मी म्हटलं, मी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला. तू म्हणालास, "तुले समुद्र कोण विचारून राहिलं? यंत्रावर भरोसा कसा ठेवायचा नाही, हे तुले येते. तेच पाह्यजे."

बावीस वर्षं मी कळमेश्वरच्या कारखान्यात प्रेशर गेज तपासते. मला कोणी इतकं नेमकं ओळखलं नव्हतं. बिघडलेल्या गेजचा काटा थरथरत नाही रे. तो अगदी शांत, चुकीच्या आकड्यावर उभा राहतो. लोक शांत काट्यावर विश्वास ठेवतात.

तू दिवाळीला आलास आणि चार दिवस आपण जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो. फराळाचे डबे खाली जमिनीवर गेले. तुझा जीव सॅटेलाइट फोनवर. "त्याच्यावर बोलता येते ना ताई." मी म्हटलं, परवानगीशिवाय तो आपल्याकडे बाळगता येत नाही, परवानगीच्या मागे लागायला तुझे साहेब तयार नाहीत, म्हणजे तो गेला. आणि बोलता येणं वेगळं, सापडणं वेगळं. बुडणाऱ्याला आपण कुठे आहोत हे सांगता येईलच असं नाही. मोबाइल तर किनारा दिसेनासा झाला की खेळणं. रेडिओ हवाच, पण त्याची अँटेना डोलकाठीच्या टोकाला. डोलकाठी पडली की अँटेनाही पाण्यात. म्हणून स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, पाण्यात तरंगणारा, हातात मावणारा दुसरा सेट. त्याचा आवाज पाण्याच्या पातळीवरून तीन-चार मैलच जाणार, म्हणजे आसपास जहाज असलं तरच त्याचा उपयोग.

राहिला बीकन. पिन ओढली की उपग्रहाकडे हाक जाते, कोणी ऐको न ऐको, तो दोन दिवस ओरडत राहतो. यादीत सगळ्यात वर मी तो लिहिला. त्यातही स्वतःची जागा स्वतः सांगणारा घ्या असं लिहिलं, कारण जुन्या पद्धतीच्या बीकनची जागा उपग्रहाला शोधत बसावी लागते.

आणि मग तुझी परीक्षा घेतली. आठवतं? तुझा उजवा हात दुपट्ट्याने पाठीशी बांधला, डोळे मिटायला लावले आणि मसाल्याचा डबा समोर ठेवला. डाव्या हाताने झाकण उघडायचं आणि लवंग काढायची. हात मोडलेला असेल, डोळ्यांत मीठ गेलं असेल, तेव्हा पिन सापडली पाहिजे म्हणून. पहिल्या वेळी सगळी हळद टेबलावर. तू ओरडलास, "बुडता बुडता भाजी करायची हाय का मले?" वैशाली हसून हसून खाली बसली. चौथ्या वेळी तुला बावीस सेकंदांत लवंग सापडली. टेबलाच्या फटीत ती हळद अजून आहे. मी काढत नाही.

यादीला मी तीन रकाने केले. सांगितलं, केलं, पाहिलं. आमच्याकडे अशीच पद्धत आहे. कोणी तरी सांगितलं की झालं आहे, ते पहिल्या रकान्यात. ज्याने केलं त्याची सही दुसऱ्यात. आणि ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याची सही तिसऱ्यात. तिसरा रकाना भरेपर्यंत आमचा बॉयलर पेटत नाही. तू म्हणालास, "ताई, साहेब हसतील." मी म्हटलं, हसू दे, पण सही घे.

सातवी ओळ सगळ्यात महत्त्वाची होती. बीकनची नोंदणी. प्रत्येक बीकनचा पंधरा अक्षरांचा एक नंबर असतो. हाक जाते तेव्हा तो नंबर जातो, नाव नाही, गाव नाही. बचाव केंद्रातला माणूस त्या नंबरपुढे नोंदवलेली नाव पाहतो आणि तिथे दिलेले फोन लावतो. खरंच नाव समुद्रात आहे का, किती माणसं आहेत. यंत्र कितीही चांगलं असो, त्या फोनच्या पलीकडचा माणूस चुकीचा असेल तर सगळं वाया. तुझ्या साहेबांचा बीकन त्यांच्या जुन्या नावेवरचा, जुन्या पद्धतीचा होता; नवा घ्यायला ते तयार नव्हते. जुनी नाव विकली, बीकन काढून ठेवला, नव्या नावेवर बसवला. मी लाल पेनाने लिहिलं: नोंदणी नव्या नावेच्या नावाने, फोन माझा. तो पंधरा अक्षरांचा नंबर आणि नोंदणीचा कागद मला पाठवा.

त्याच आठवड्यात भाऊबीज होती. ओवाळताना मी ओवाळणी मागितली. लहान बीकन, तुझ्या अंगावरच्या जॅकेटला बांधायचा, तुझ्या नावाचा, माझ्या फोनचा. तू निळी साडी दिलीस. म्हणालास, "तो पुढच्या फेरीले घेतो. साहेब म्हणते, एक हाय ना नावेवर." मी साडीची घडीसुद्धा उघडली नाही. तुला वाईट वाटलं होतं, ते मी पाहिलं होतं. पाहून गप्प बसले. हे तुला सांगायचं राहिलं.

फोनच्या वर भिंतीला मी एक कागद चिकटवला. नाव मयूरी. पांढरा रंग, निळा पट्टा. लांबी छत्तीस फूट. माणसं दोन. कुठून कुठे, कधी निघाले, तराफ्याचा रंग नारिंगी, तुझा रक्तगट. केंद्रातून फोन आला तर चष्मा शोधण्यात वेळ जायला नको म्हणून मोठ्या अक्षरांत. तू तो पाहून म्हणालास, "हा फोन कधी येवो नाही, ताई." मी म्हटलं, "येवो नाहीच. पण आला तर माझ्याकडे येवो."

निघायच्या सकाळी तू यादीचा फोटो पाठवलास. खाली साहेबांची ऐसपैस सही, आणि तुझा निरोप: साहेबांनी सही केली, आता तरी जेव. मी आदल्या दिवशी म्हटलं होतं ना, सातवी ओळ भरल्याशिवाय घास उतरणार नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. बाकीच्या अकरा ओळींत तिन्ही रकाने भरलेले. सातव्या ओळीत फक्त पहिला. "सांगितलं" खाली तुझी बरोबरची खूण. तू खोटं लिहिलं नाहीस. नोंदणी झाल्याचं साहेबांनी तुला सांगितलं, तेवढंच तू लिहिलंस.

मी लगेच फोन लावला.

"पाहिलं का गा तू? कागद?"

"साहेब म्हणे, झालं."

"म्हणे नको सांगू. पाहिलं का?"

"ताई, दोर सोडून राहिलो आता. हा कळमेश्वरचा बॉयलर नाही वं. ठेव."

आणि मी ठेवला. मग जेवले. वरण-भात, वांग्याची भाजी. हेही लिहिते, कारण रिकामा रकाना मीही पाहिला होता. आमच्या कारखान्यात मी असा कागद कोणालाही परत केला असता. तुला केला नाही, कारण तू माझ्यावर चिडला होतास आणि दोन तासांत तुझा फोन लागणं बंद होणार होतं. भावाशी भांडून त्याला समुद्रावर पाठवायचं नाही, असं मनात आलं. बावीस वर्षांत एकदा मी काट्याऐवजी माणसाचं तोंड पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाव पाण्यातल्या कशावर तरी आदळली. डोलकाठी पडली, तिच्याबरोबर आडवी काठी तुझ्या छातीवर. रेडिओ गेला. पाणी वाढायला लागलं तसे तुम्ही तराफ्यात उतरलात. हातातला सेट चालला, पण ऐकायला जवळ जहाज नव्हतं. नऊ वीसला पिन ओढली. तू ओढलीस, साहेबांनी नाही. डाव्या हाताने. साहेबांनीच सांगितलं.

केंद्रात नंबर पोचला. नंबरापुढे जुनी नाव. पहिला फोन साहेबांच्या मोबाइलवर, तो तुमच्याबरोबर समुद्रात. दुसरा फोन जुन्या नावेच्या रखवालदाराला. त्याने धक्क्यावर जाऊन पाहिलं आणि सांगितलं, नाव इथेच उभी आहे. जुन्या नावेचं जुनं यंत्र कुठे भंगारात चालू झालं असेल, असं धरलं गेलं. जागा शोधायला उपग्रहाला वेळ लागला, सुरुवातीला दोन जागा निघाल्या. हाक थांबेना, दोनांतली एक जागा भर समुद्रात पक्की झाली, तेव्हा जवळच्या जहाजाला वळायला सांगितलं. एक पस्तीसला. जहाज पाच चाळीसला पोचलं. केंद्रातल्या अधिकाऱ्याने वैशालीला हे सगळं न लपवता सांगितलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी समोरच्या नोंदीवर विश्वास ठेवला.

आता माझा हिशेब ऐक. जहाजाला चार तास पाच मिनिटं लागली. फोन माझ्याकडे आला असता तर? फोनवरच्या विचारपुशीला, साहेबांच्या बाजूने, मी अर्धा तास सोडते. नऊ पन्नासला जहाज वळलं असं धरते. एक पंचावन्नला पोचलं असतं. तू दोन पंचावन्नपर्यंत होतास. एक तास.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांना मी शवविच्छेदनाचा अहवाल दाखवला. ते म्हणाले, आतून रक्तस्राव होता, एका तासात काय झालं असतं ते सांगता येत नाही. चौकशीच्या कार्यालयाला केलेल्या अर्जात मी हेही लिहिलं आहे. सकाळी ते जहाज कुठे होतं हे मला माहीत नाही, हेही लिहिलं आहे. माझ्या आकड्यात कोणाला भोक सापडू नये. पण गुड्डू, जगला असतास की नाही हे सोड. त्या एका तासात तू ओल्या तराफ्यात, त्या माणसाच्या मांडीवर नसतास. कोरड्या जागी असतास. ऑक्सिजन होता त्या जहाजावर. तो तास तुझा होता आणि तो त्यांनी घेतला.

रखवालदारालाही मी फोन केला होता. शिव्या द्यायला केला. बोलायच्या आधी तोच म्हणाला, "बाई, मी खोटं नाही बोललो. चप्पल न घालता धक्क्यापर्यंत गेलो, नाव डोळ्यांनी बघितली, मगच सांगितलं."  या सगळ्या प्रकरणात तिसरा रकाना भरणारा तो एकटा माणूस निघाला. म्हातारा रडायला लागला, तेव्हा मीच त्याला म्हटलं, बाबा, तुमची चूक नाही. बावीस वर्षं पाहिलेल्यावर विसंबले मी. कुठे पाहायचं हेच चुकीचं लिहिलेलं असेल तर माणसाने काय करायचं, हे मला अजून सुटलेलं नाही.

पण ते चुकीचं कोणी राहू दिलं, हे सुटलेलं आहे.

आता पेनाचं. मी वैशालीच्या हातून पेन घेतलं आणि साहेबांना म्हटलं, "सही होईल. फक्त तो पंधरा अक्षरांचा नंबर सांगा."

"कोणता नंबर, ताई?"

"बीकनचा. तुम्ही नोंदणी झाली म्हणून सांगितलं ना गुड्डूला?"

ते म्हणाले, "या वेळेला हे बोलणं... तो मला भावासारखा होता."

"भावासारखा नका म्हणू. भाऊ माझा होता. तुमच्याकडे कामाला होता." मग मी मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "ही सही तुमची?"

"हो."

"सातवी ओळ वाचा. मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू द्या."

त्यांनी वाचली नाही. म्हणून मी वाचली. नोंदणी नव्या नावेच्या नावाने, फोन माझा. सांगितलं, खूण. केलं, रिकामं. पाहिलं, रिकामं. खाली सही. घरात पाहुणे होते, ताटं मांडलेली होती. साहेब म्हणाले, "राहून गेलं, ताई. करणारच होतो. आल्यावर करणार होतो."

"आल्यावर," मी म्हटलं. "आणि आता त्याचं नाव घालून राहिले पत्रात. तुमचं राहून गेलं, त्याचा जीव गेला. तुम्ही बसले आहात माझ्या घरी."

कागद मी त्यांना परत दिला नाही. वैशालीने तो माझ्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवला. मला वाटत होतं ती घाबरून जाईल. ती म्हणाली, "साहेब, जेवून जा. आमच्या घरून कोणी उपाशी जात नाही. सही मात्र नाही भेटणार." ते जेवले नाहीत.

त्यानंतर मामीने माझं तोंड गोड करायला घास पुढे केला, तेरवीचा. मी मान फिरवली. तिने सगळ्यांसमोर ऐकवलं, "गेल्या माणसाले शांती नाही मिळत वं अशानं." मिळू नये. तुला शांती मिळाली तर मला हाक कोण मारेल. मी गोड खाल्लेलं नाही आणि तुझं नाव त्या पत्रातून जोवर कायमचं निघत नाही, तोवर खाणार नाही. लोक म्हणतात, माफ कर, त्याच्या मनात पाप नव्हतं. नसेल. मला त्याच्या मनाशी घेणंदेणं नाही. त्याने परत कधी कोणा दुसऱ्याच्या भावाला घेऊन समुद्रावर जाऊ नये, चौकशीत त्याने माझ्यासमोर उभं राहून ती सातवी ओळ स्वतःच्या तोंडाने वाचावी आणि ती वाचताना त्याचा आवाज फुटावा, एवढं मला हवं आहे. हा सूड आहे. मी त्याला न्याय म्हणून सजवणार नाही.

यादी, फोटो, तुझा निरोप, पत्राची प्रत आणि माझा हिशेब, सगळं चौकशीच्या कार्यालयाला पाठवलं. निळी साडी काढली, घडी उघडली, इस्त्रीला दिली. काठाला बारीक पांढरी रेघ आहे, मयूरीच्या पट्ट्याच्या उलटी. तू मुद्दाम घेतली होतीस का? विचारायचं राहिलं. सुनावणीला तीच नेसणार आहे.

आणि आज सकाळी अकराला फोन वाजला. चौकशीचे अधिकारी होते.

"मॅडम, अर्ज मिळाला. थोडी माहिती पडताळायची आहे. वेळ आहे का?"

मी भिंतीपाशी उभी होते. कागद तसाच आहे, काढला नाही. सवयीने घड्याळाकडे पाहिलं.

"नावेचं नाव?" मयूरी. "रंग?" पांढरा, निळा पट्टा. "लांबी?" छत्तीस फूट. "नावेवर किती जण?" दोन. "कुठून कुठे?" मी एकेक ओळ वाचत गेले. तराफ्याचा रंग वाचला. तुझा रक्तगट त्यांनी विचारला नव्हता, तोही वाचला.

ते म्हणाले, "इतकी तयार माहिती सहसा मिळत नाही हो."

फोन ठेवून मी पुन्हा घड्याळ पाहिलं. एक मिनिट पन्नास सेकंद.

अर्जाला पुरवणी जोडते आहे, गुड्डू. साहेबांच्या बाजूने आता अर्धा तास नाही, दोन मिनिटं धरते.